त्या मुलाच्या खांद्यांवरचे हात काढा

आज सकाळी ग्रुपवर एक व्हिडिओ आला. कराटेच्या क्लासमधला दहा-बारा वर्षांचा मुलगा पाय फाकवून स्प्लिटला बसलाय, जांघ जमिनीपासून वीतभर वर अडकलीये आणि सर मागून दोन्ही खांदे धरून त्याला खाली दाबतायत. पोरगा ओठ चावतोय. शेवटी टेकला, तर टाळ्या! खाली अंगठ्यांची रांग. दिवस गेला, तरी राग जात नाहीये.

दाबून स्नायू लांब होत नाही हो. स्नायूच्या आतच ताण ओळखणारी यंत्रणा असते, झटका बसला की ती स्नायूला आकसायला लावते. म्हणजे सर खाली रेटतायत आणि पोराची मांडी त्याच क्षणी उलटी ओढतेय. या रस्सीखेचीत सगळ्यात कच्ची जागा आधी हरते. मांडीमागचा स्नायू बसण्याच्या हाडाला जिथे धरलेला असतो, तिथे वाढत्या वयात हाडाचं टोक अजून कूर्चेनेच जोडलेलं असतं. जोराचा हिसका बसला तर स्नायू फाटण्याऐवजी हाडाचा तुकडाच सुटून येऊ शकतो. उंची झपाट्याने वाढते त्या काळात तर स्नायू आधीच ताठलेले असतात. आणि नेमक्या त्याच वयाच्या पोरांना आपण दाबतो.

लवचिकता लागते, मान्य. तायक्वांदोत अंगावरच्या साध्या किकला 2 गुण आणि डोक्यावरच्या किकला 3, कराटेतही तसंच. पाय वर जायलाच हवा. पण तो स्वतःच्या ताकदीने जायला हवा ना! साधी परीक्षा आहे: भिंतीला धरून उभं राहा, दुसऱ्या हाताने पाय बाजूला जाईल तितका वर न्या आणि हात सोडा. पाय जेवढा खाली घसरला, तेवढी लवचिकता किकच्या कामाची नाही. ती तफावत आणखी ताणून भरत नाही, ताकदीनेच भरते. साइड किक अगदी संथ मारा. पाच सेकंदांत वर, तीन सेकंद तिथेच, पाच सेकंदांत खाली. प्रत्येक पायाने पाच-सहा वेळा पुरे. धड ढळायला लागलं की उंची कमी करा.

आणि राउंडहाऊस, म्हणजे बाजूने गोल फिरवून मारायची किक, वर जात नाही तेव्हा दरवेळी जांघेलाच दोष का? आधी खालचा पाय बघा. टेकलेल्या पायाची टाच लक्ष्याकडे वळलीच नसेल तर खुबा उलगडत नाही. पाय नुसता बाजूला उचलला की मांडीच्या हाडाची मान खोबणीच्या काठावर जाऊन अडते. तिथे हाडाला हाड लागतं, कितीही ताणा. टाच वळवली, कंबर पालथी केली की वाट मोकळी होते. काहींच्या खुब्याची घडणच अशी असते की बाजूचा स्प्लिट कधीच पूर्ण बसणार नाही. त्यांना आळशी म्हणू नका. मांडीच्या आत, मधोमध ओढ लागली तर स्नायू ताणला जातोय. खुब्यात चिमटा बसला किंवा गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखलं, तर तिथेच थांबायचं.

त्या व्हिडिओतला पोरगा घामेजलेलासुद्धा नव्हता, गणवेश कोरडा. अंग गरम नसताना स्प्लिट! आधी पाच-सात मिनिटं घाम येईपर्यंत हालचाल, मग पायाचे झोके पुढे-मागे आणि बाजूला दहा-बारा, उंची हळूहळू वाढवत. एकाच ताणात मिनिटाहून जास्त थांबलं की स्नायूचा जोर थोडा वेळ उतरतो, म्हणून लांब ताण किकच्या आधी नकोतच. ते क्लास संपल्यावर, तीस-तीस सेकंद, दोन-तीनदा. स्प्लिटमध्ये जमेल तिथे हातांवर भार घेऊन थांबायचं, टाचा जमिनीत पाच-सहा सेकंद दाबायच्या, अर्ध्याच जोराने, मग श्वास सोडून सैल व्हायचं आणि बोटभर खाली. नवशिके श्वास कोंडून पूर्ण जोर लावतात आणि पेटका येतो. यातही दाब आहेच, पण तो किती हे ताणणारा स्वतः ठरवतो.

ज्यांचे गुडघे-कोपर उलटे वाकतात अशा मुलांना पुढे बसवून कौतुक करतात, तेही थांबवा. त्यांना ताण नको, ताकद हवी.

ते सर वाईट असतील असं नाही. त्यांनाही बहुतेक असंच दाबून शिकवलं असेल, आणि प्रत्येक पोराला दुखापत होतेच असंही नाही. पण तो ओठ चावणारा चेहरा डोळ्यांपुढून हलत नाही.

तो मुलगा ज्यांचा असेल त्यांनी उद्या सकाळी त्याला जिना चढताना बघा. खुर्चीवर एका बाजूला कलून बसतोय का, पाऊल आखडतं टाकतोय का, वाकून मोजे घालताना कळ येतेय का. असं काही दिसलं, किंवा ताणताना खटकन आवाज आला होता असं तो म्हणाला, तर मालिश करू नका, शेकू नका, पुन्हा ताणून तर अजिबात बघू नका. सरळ हाडाच्या डॉक्टरांकडे न्या आणि काय झालं ते सगळं सांगा. खांदे दाबले होते, हेसुद्धा.