खुलासा : अँटिबायोटिक आणि व्हिटॅमिन सी

‘अँटिबायोटिकसोबत व्हिटॅमिन सी घेतलं की औषधाची ताकद दुप्पट होते’, असा मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतोय. याला आधार नाही. प्रयोगशाळेत तर बऱ्याचदा उलटंच दिसलं आहे.

२००७ मध्ये बोस्टनच्या जेम्स कॉलिन्स यांच्या गटाने मांडलं, की जंतू मारणारी अँटिबायोटिक्स जंतूंच्या पेशीत घातक हायड्रॉक्सिल रॅडिकल्स (पेशीची मोडतोड करणारे ऑक्सिजनयुक्त कण) तयार करतात. अशा कणांना थोपवणारं थायोयुरिया हे अँटिऑक्सिडंट घातलं तेव्हा कमी जंतू मेले; व्हिटॅमिन सी हेही अँटिऑक्सिडंटच. २०१३ मध्ये दोन गटांनी हे खोडलं: ऑक्सिजन नसताना, म्हणजे हे रॅडिकल्स बनू शकत नसतानाही, ही औषधं जंतू मारतात. वाद अजून पुरता मिटलेला नाही. पण हे सगळं काचेच्या नळीतलं. त्यावरून कुणी आवळा-लिंबू बंद करू नये.

खरी अडचण ‘सी’ची नाही, त्याच गोळीतल्या झिंकची (कोविडपासून ही जोडगोळी घरोघरी आहे). झिंक, लोह, कॅल्शियम हे सिप्रोफ्लॉक्सासिन (सिप्रो) या अँटिबायोटिकला पोटातच धरून ठेवतात, औषध रक्तात कमी उतरतं. म्हणून सिप्रो अशा गोळीच्या २ तास आधी किंवा ६ तासांनंतर घ्यायची. डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकचंही तसंच, वेळेचं अंतर डॉक्टरांना विचारा.

पाणी शुद्ध करायच्या जंतुनाशकांच्या बाबतीत मात्र परिणाम सरळ आहे. व्हिटॅमिन सी क्लोरीन आणि आयोडीन दोन्ही निष्प्रभ करतं. क्लोरीनचे थेंब टाकलेल्या पाण्यात वास जावा म्हणून लगेच लिंबू पिळू नका. आधी अर्धा तास जाऊ द्या.