एक किलोचे सव्वा लाख

लॅपटॉप घ्यायला दुकानात गेलं की पोरगं पहिल्यांदा तो हातावर ठेवतं. "उचलून बघा साहेब, किलोसुद्धा नाही." अरे बाबा, मला काय तो डोक्यावर घेऊन पंढरपूरला चालत जायचंय? परभणीत लग्नाच्या व्हिडिओचं एडिटिंग करतो मी. माझा लॅपटॉप टेबल पुसतानाच हलतो. मी विचारायलो रॅम किती वाढवता येईल, अन् हा सांगायलाय जाडी किती मिलिमीटर!

या पातळ लॅपटॉपात रॅम वाढतच नाही. बोर्डावरच सोल्डर केलेली. १६ जीबी घेतली की जन्मभर १६. माझ्या जुन्या जाडजूड डब्याचं मागचं झाकण उघडून रॅम अन् फायली साठवायची एसएसडी दोन्ही मी घरी बसून टाकल्यात. इथं बॅटरीसुद्धा डिंकानं चिकटवलेली. बिघडलं तर तपोवन एक्स्प्रेस पकडा, संभाजीनगर गाठा. म्हणे जगात जर्मनी अन् भारतात परभणी!

कॅमेऱ्याचं कार्ड घालायला जागा नाही. लॅनची वायर लावायला पोर्ट नाही, कारण तो एवढ्या जाडीत मावतच नाही. दोनच टाइप-सी पोर्ट, त्यातला एक चार्जरनं अडवलेला. "हब घ्या ना साहेब." म्हणजे जास्तीचे पोर्ट देणारी वेगळी डबी. सव्वा लाख मोजून वर पेनड्राइव्ह लावायचे पैसे वेगळे!

२००८ मध्ये ॲपलच्या स्टीव्ह जॉब्सनं कागदी पाकिटातून लॅपटॉप काढून दाखवला, तेव्हापासून सगळ्यांना हे बारीक व्हायचं येड लागलं. पोस्टात टाकायचाय का तो?

आता उन्हाळ्याचं ऐका. लग्नसराई एप्रिल-मेची अन् पारा ४२-४३ वर जातो तोही तेव्हाच. बऱ्याच लॅपटॉपच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, वापर ३५ अंशांपर्यंत. ३५! कूलर घरघरत असताना दुपारी आमची खोली तिथवर उतरली तरी देव पावला म्हणायचं. चिप तापली की जीव वाचवायला स्वतःच वेग कमी करते. पातळ बॉडीत धड पंखा बसत नाही, काही मॉडेलांत तर पंखाच नसतो. म्हणजे ज्या वेगाचे पैसे घेतले, तो सुरुवातीच्या काही मिनिटांचा. हळदीपासून पाठवणीपर्यंतचा व्हिडिओ एक्स्पोर्टला लावला की पुढं नुसतं बघत बसा. अन् गिऱ्हाईक फोनवर फोन करायलंय, "भाऊ, झालं का?"

रोज विमानानं हिंडणाऱ्यांनी घ्यावा, लखलाभ. पण माझ्यासारख्यानं अडीच किलोचा, पंखेवाला, सगळे पोर्ट असलेला मागितला तर ते पोरगं असं बघतं जणू मी उधारी मागितली. मग म्हणतं, "तसला पाहिजे तर गेमिंगचा घ्यावा लागंल." तोच घेतो बाबा. कीबोर्डातले लाल-हिरवे दिवे बंद कसे करायचे, तेवढं दाखव.