मुखवट्यातला लांडगा, उसातला बिबट्या

‘वाघोबाला शेंदूर फासणाऱ्यांनीच बिबटे डोक्यावर चढवून ठेवले आहेत,’ असे कोथरूडच्या माझ्या मावसभावाने घरच्या व्हॉट्सॲप गटावर लिहिले आणि इथे कॅनडातल्या व्हिक्टोरियात माझी सकाळची बस चुकली. जुन्नर-शिरूरच्या उसात बिबट्याला लपायला आणि पिल्ले वाढवायला जागा मिळाली, त्याचे खापर वाघबारशीला वाघोबाला नैवेद्य दाखवणाऱ्या महादेव कोळ्यांवर कशासाठी फोडायचे?

मी नू-चा-नुल्थ लोकांचा दाखला दिला. व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या या लोकांच्या एका विधीत लांडग्याचे सोंग घेतलेली माणसे मुलांना पळवून नेतात आणि शिकवून परत आणतात. पॉटलॅचच्या, म्हणजे मेजवानी देऊन भेटी वाटण्याच्या, समारंभांवर १८८५ पासून १९५१ पर्यंत सरकारी बंदी होती, तरीही मुखवटे कोरणारे हात थांबले नाहीत. लांडग्याचा असा लाकडी मुखवटा घडताना मी पाहिला आहे. वाकड्या पात्याची सुरी कारागीर स्वतःकडे ओढत होता, आणि नाकपुडीच्या खाचेतून सीडर लाकडाचा तांबूस, कागदासारखा ढलपा सुटला की थांबून तिथे अंगठा फिरवत होता. ‘पुण्यात असा आदर कुठे?’ असेही मी लिहून टाकले.

व्हिक्टोरियासमोरच्या बेटांवर वर्षानुवर्षे एकटा राहिलेला टाकाया नावाचा लांडगा २०२० च्या मार्चमध्ये शिकाऱ्याच्या गोळीने मेला, हे मात्र मी सोयीस्करपणे गाळले.

मावसभावाने वाद घातला नाही. त्याची सासुरवाडी शिरूर तालुक्यातली. तिकडच्या बायका बिबट्याच्या भीतीने गळ्यात खिळ्यांचे पट्टे बांधून शेतात जातात, त्यांचा फोटो त्याने पाठवला, आणि खाली एवढेच लिहिले, ‘रात्रीची वीज आली की पाणी धरायला सासरे जातात. तू येतोस का?’

माझ्या दिवाणखान्यात त्याच कारागिराकडून घेतलेला लांडग्याचा मुखवटा टांगलेला आहे. हा विकण्यासाठीच केला, असे त्याने घेतानाच सांगितले होते. समारंभात नाचवायचे मुखवटे घराण्यांचे असतात आणि ते नाचवण्याचा हक्क वारशाने येतो. तो हक्क मला नाही, याचे मला कधी वाईट वाटले नव्हते. पण ज्या वाघबारशीच्या नावाने मी भांडत होतो, तिला पुण्यातल्या सत्तावीस वर्षांत एकदाही गेलो नाही, आणि जुन्नरला गेलो तो शिवनेरी पाहायला, शाळेच्या सहलीतून.