कॅसिनो त्यांचा, गिऱ्हाईक आपण

ठाण्यातल्या आमच्या घरच्या ग्रुपवर अधूनमधून एक वाद पेटतो: राज्याला पैसा हवाय, मग कॅसिनो का नकोत? कॅसिनोंना परवानगी देणारा महाराष्ट्राचा १९७६चा कायदा कधी लागूच झाला नाही आणि २०२३मध्ये, ठाण्याचेच एकनाथ शिंदे मुख्यमंत्री असताना, मंत्रिमंडळाने तो रद्द करायचं ठरवलं. तरी 'सिंगापूरने केलंच ना' हे पालुपद संपत नाही. मी सिंगापूरला राहते म्हणून साक्षीला मलाच उभं करतात.

तर साक्ष अशी. इथे २०१०मध्ये दोन कॅसिनो उघडले, सेंटोसाला आणि मरिना बेला. परदेशी पाहुण्याने पासपोर्ट दाखवावा आणि फुकट आत जावं. नागरिकाला आणि कायम रहिवाशाला मात्र चोवीस तासांचे दीडशे सिंगापूर डॉलर आधी मोजावे लागतात, एकही डाव खेळण्यापूर्वी. दिवाळखोरांना आणि सरकारी मदतीवर जगणाऱ्यांना सरळ बंदी. आत एटीएम नाही. ज्या सरकारने परवाना दिला, त्यालाच आपली माणसं तिथे नको आहेत. (टोटो या सरकारी लॉटरीच्या तिकिटांसाठी वस्तीतल्या दुकानांपुढे रांगा लागतात, तिथे हे सोवळं गळून पडतं, ती गोष्ट वेगळी.) गोव्यानेही २०२०मध्ये गोवेकरांना कॅसिनोत जायला मनाई केली. मग मांडवीतल्या बोटींवर पैसे उधळायला कोण उरलं? ठाण्याहून सकाळची वंदे भारत पकडणारे आपण!

माझ्या मामेभावाला तेवढेही कष्ट पडले नाहीत. वागळे इस्टेटमध्ये नोकरी, जाता-येता टीएमटीत मोबाईलवर रमी. आधी पगार गेला, मग वहिनीच्या पाटल्या, मग झटपट कर्ज देणारी अ‍ॅप्स. वसुलीवाले वहिनीच्या माहेरी फोन करू लागले तेव्हा घरात कळलं.

ऑगस्ट २०२५मध्ये केंद्राने पैशांवरच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, खेळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास. मला ते पटलं. पण जुगारबंदीचा कायदा आपल्याकडे १८८७पासून आहे आणि रतन खत्रीचा मटका त्याच्या नाकावर टिच्चून चालला. उद्या दुसऱ्या नावाचं अ‍ॅप परदेशातून आलं, तर वहिनीने कुणाकडे जायचं?

इथे सिंगापूरला नवरा-बायको, आईवडील, भावंडं, मुलं यांच्यापैकी कुणीही अर्ज करू शकतं. एक समिती दोन्ही बाजू ऐकते आणि त्या माणसाला कॅसिनोचं दार बंद करू शकते. वहिनीने बँकेत विचारलं, तेव्हा 'खातं त्यांच्या नावावर आहे' एवढंच उत्तर मिळालं. आपल्या २००५च्या घरगुती हिंसाचार कायद्यात आर्थिक छळ धरलेला आहे, न्यायालय खातं वापरायलाही मनाई करू शकतं. पण त्यासाठी नवऱ्याविरुद्ध कोर्टाची पायरी चढायची. "ताई, हे मारत नाहीत, आवाजसुद्धा चढवत नाहीत. यांच्यावर केस कशी घालू?" असं वहिनीने मला विचारलं.

केस नको, साधा अर्ज हवा. घरच्यांनी करावा, जिल्ह्याच्या पातळीवर चौकशी व्हावी, आणि तथ्य आढळलं तर ठरावीक काळ त्या माणसाला नवं कर्ज मिळू नये. आधार आणि यूपीआयवर चालणाऱ्या देशात हे काही अवघड नाही. ग्रुपवर सिंगापूरचं नाव घेणाऱ्यांनी आपल्या आमदाराकडे आधी हे मागावं.