दहा मायक्रोग्रॅम, पण दिसत कसे नाहीत?

इंटरल्युकिन-८ (थोडक्यात आयएल-८) हे प्रथिन विकत घेतलं की हातात पडते ती एक रिकामी बाटली. निदान दिसते तरी रिकामीच. लेबलवर सगळं व्यवस्थित छापलेलं असतं: रिकॉम्बिनंट (म्हणजे जनुक दुसऱ्या जीवात घालून बनवलेलं), मानवी, सीएक्ससीएल८ (त्याचंच दुसरं नाव), १० मायक्रोग्रॅम, गोठवून वाळवलेलं. सोन्याच्या भावावर तावातावाने बोलणाऱ्यांनी याचा ग्रॅमचा भाव एकदा काढून पाहावा, पुढची बोलणी खुंटतील. बिल पास व्हायचं तर त्यावर ‘माल तपासून घेतला’ असं लिहून सही करावी लागते. मी बाटली उजेडाकडे धरतो, उलटी करतो, तळाशी असलेला नसलेला पांढुरका डाग श्रद्धेने पाहतो आणि सही करतो. देवावर विश्वास नसलेले लोकही या टेबलापाशी आस्तिक होतात.

या अदृश्य ऐवजाचं काम मात्र ठळक आहे. बोटात काटा रुतला, सोबत जिवाणू आत गेले, की तिथल्या मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशी, आणि त्वचेच्या पेशी आयएल-८ सोडतात. रेणू अगदी लहान: ७२ अमिनो आम्लं, साधारण ८.४ किलोडाल्टन. तो जवळच्या रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरावर हेपरान सल्फेट या शर्करेच्या साखळ्यांना चिकटून बसतो. रक्तातून लोळत चाललेल्या न्यूट्रोफिलच्या, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीच्या, अंगावर सीएक्ससीआर१ आणि सीएक्ससीआर२ हे ग्राहक, म्हणजे निरोप घेणारे रेणू, असतात. ते या रेणूला भेटले की न्यूट्रोफिल थबकते, भिंतीला घट्ट धरते, दोन पेशींच्या फटीतून बाहेर सरकते आणि जिकडे आयएल-८ जास्त तिकडे चालू लागते. माणसात असे निरोपे रेणू, म्हणजे केमोकाइन, पन्नासच्या आसपास आहेत. त्यातला हा १९८७ साली हाती लागलेला, म्हणजे घराण्यातल्या ज्येष्ठांपैकी एक.

बाजारातलं बहुतेक आयएल-८ ई. कोलाय जिवाणूंकडून बनवून घेतात. जिवाणू पुष्कळदा प्रथिनाचा चुकीच्या घड्यांचा गोळा करून ठेवतो. मग तो विरघळवा, उलगडा, दोन डायसल्फाइड बंध योग्य जागी जुळतील अशी पुन्हा घडी घाला, असा खटाटोप कारखाना करतो. शेंड्याकडची अमिनो आम्लं तर फारच मानी. याच्या नात्यातल्या रँटीस नावाच्या केमोकाइनच्या सुरुवातीला जिवाणूने स्वतःचं एक मेथिओनीन जास्तीचं ठेवलं, तर ते पेशींना बोलवायचं सोडून उलट वाट अडवायला लागलं. एका अमिनो आम्लाने कार्यकर्त्याचा बंडखोर झाला! म्हणून माहितीपत्रकातला क्रम वाचावा. ते घडी घालून कचऱ्यात टाकायची प्रथा आहे, ती मोडावी.

आता बाटली उघडायची. थांबा, लगेच नाही. प्रवासात हलून तो डाग बूचाला चिकटलेला असू शकतो. आधी सेंट्रिफ्यूजमध्ये मिनिटभर फिरवून सगळं तळाशी आणायचं. अंगठ्याने फट्‌कन बूच उडवणाऱ्या उत्साही मुलांपासून बाटली लांब ठेवावी; महिन्यांची प्रतीक्षा एका उच्छ्वासात जाते. मग पत्रकात म्हटलेलं द्रावण (कुणी निर्जंतुक पाणी म्हणतं, कुणी पीबीएस हे खारं द्रावण) १०० मायक्रोलिटर, भिंतीवरून हळू सोडायचं. झाली मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅमची मात्रा. दहा-पंधरा मिनिटं तसंच राहू द्यायचं, मधून अलगद कलतं करायचं. व्हॉर्टेक्सवर, म्हणजे नळी गरगर हलवणाऱ्या यंत्रावर, धरायचं नाही. फेस आला की हवा-पाण्याच्या सीमेवर प्रथिनाची घडी मोडते, आणि मोडलेलं प्रथिनही तितकंच अदृश्य असतं, हीच तर पंचाईत.

यापुढे पातळ करताना बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) ०.१ टक्का बीएसए, म्हणजे गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन, हवंच. आयएल-८ धन प्रभाराचं, त्यात चिकटायची सवय. मात्रा नॅनोग्रॅमवर आली की ते प्लास्टिकच्या भिंतीलाच जाऊन बसतं. तुम्ही मिलिलिटरला १० नॅनोग्रॅम समजून चालता, नळीत असतात किती कोण जाणे. बीएसए भिंतीच्या सगळ्या जागा आधी अडवून ठेवतं. मात्र ते एंडोटॉक्सिन, म्हणजे जिवाणूंच्या कवचातलं विष, कमी असलेलं घ्या. नाहीतर पेशींच्या गोळ्यात राहून गेलेले मोनोसाइट (दुसऱ्या जातीच्या पांढऱ्या पेशी) त्या एंडोटॉक्सिनने चेतून स्वतःचंच आयएल-८ बनवू लागतात आणि तुमच्या महागड्या मालाला घरचा स्पर्धक तयार होतो.

उरलेलं १०-१० मायक्रोलिटरच्या नळ्यांत वाटून उणे ८० अंशांत. आपोआप बर्फ वितळवणाऱ्या घरगुती फ्रीझरमध्ये ठेवू नका. तो बर्फ काढताना तुमचं प्रथिनही थोडं थोडं वितळवतो आणि पुन्हा गोठवतो. एकदा वितळलेली नळी परत आत जात नाही. प्रत्येक लॅबमध्ये ‘एवढंसं उरलंय, टाकवत नाही’ म्हणणारा एक काटकसरी जीव असतोच. त्याला १० मायक्रोग्रॅममध्ये मिलिलिटरला १० नॅनोग्रॅमवालं द्रावण अख्खं एक लिटर होतं, हे शांतपणे सांगावं.

खरा छळ पेशींचा. प्रयोग असा: खाली आयएल-८, वर न्यूट्रोफिल, मध्ये छिद्रांचा पडदा; किती पेशी खाली चालत येतात ते मोजायचं. न्यूट्रोफिल गोठवून ठेवता येत नाहीत, ताज्या रक्तातून काढाव्या लागतात, आणि बाहेर आल्यावर त्यांचं घड्याळ तासांत चालतं. रक्तदाता म्हणून लॅबमध्ये सगळे एकमेकांकडे पाहतात. धुताना बफरमध्ये कॅल्शियम-मॅग्नेशियम नको, नाहीतर त्या गुठळी करतात. चालायला सोडताना मात्र दोन्ही हवीत. पडद्याचे इन्सर्ट, म्हणजे प्लेटच्या खान्यात बसणारे छोटे पेले, ३ मायक्रॉन छिद्रांचे घ्या. कपाटात उरलेत म्हणून ८ मायक्रॉनचे वापरलेत, तर पेशी चालत न जाता नुसत्या खाली गळतात आणि आयएल-८चं बोलावणं नसलेल्या खान्यातही तेवढीच गर्दी दिसते. चोवीस खान्यांच्या प्लेटमध्ये खाली आयएल-८चं द्रावण ६०० मायक्रोलिटर, वर पेशींचं १००. इन्सर्ट तिरका ठेवत उतरवा. पडद्याखाली बुडबुडा राहिला तर पेशींना तिथून वाट नाही. मग ३७ अंशांवर तासभर. मध्येच दार उघडून प्लेट हलवून पाहू नका, आयएल-८चा चढ (खाली जास्त, वर कमी) मोडतो.

मात्रा मिलिलिटरला १, १०, १००, १००० नॅनोग्रॅम अशा लावा. उतरलेल्या पेशींचा आलेख वर चढतो आणि मग खाली येतो. नवखे इथे घाबरून पिपेटला दोष देतात. दोष नसतो. गणपतीत एका मंडळाचा लाउडस्पीकर लांबून ऐकू आला की मंडळ सापडतं. पण आवाज इतका वाढवला की गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कान सारखेच बधिर झाले, तर जायचं कुठे? पेशीचंही तेच. पुढचे-मागचे सगळे ग्राहक भरले की दिशा उरत नाही, शिवाय पेशी ते ग्राहक आत ओढून घेते. म्हणून काही खान्यांत वर-खाली सारखंच आयएल-८ घालून पाहायचं. तिथेही पेशी उतरल्या, तर त्या दिशेने चालत नव्हत्या, नुसत्या येरझारा घालत होत्या. हा कंट्रोल, म्हणजे तुलनेचा खाना, सगळे विसरतात आणि शोधनिबंधाचा परीक्षक नेमका तोच मागतो.

मोजताना खालच्या द्रवातल्याच पेशी मोजू नका; पुष्कळशा पडद्याच्या खालच्या अंगाला लोंबकळत असतात. कॅल्शियम-मॅग्नेशियम पकडून ठेवणारं थंड ईडीटीए घालून त्या सोडवाव्या लागतात. एवढं करून तीन दात्यांचे आलेख एकावर एक मांडले, की ते एकमेकांना ओळख दाखवत नाहीत. त्याला इलाज नाही, दाते वाढवायचे. आणि हे सगळं सभेत मांडलं, की मागच्या रांगेतून हमखास प्रश्न येतो: ‘छान आहे, पण हे उंदरात का नाही केलं?’ मी पाणी पितो आणि सांगतो, सर, उंदराला आयएल-८चं जनुकच नाही.