वाय-फाय जातंय? आधी खोका लपवा

वाय-फाय सारखं जात असेल तर पहिलं काम म्हणजे राउटर अशा जागी ठेवा, की तो कुठे आहे हे घरातल्यांनाही चटकन सांगता येऊ नये. बहुतेक घरांत हे आधीच उरकलेलं असतं. फायबरवाला ड्रिल मशीन घेऊन दारात उभा राहिला की त्याला एकच सूचना मिळते, ‘वायर दिसायला नको हं.’ मग तो खोका टीव्हीच्या मागे, शोकेसच्या खालच्या कप्प्यात, जुन्या लग्नपत्रिकांच्या शेजारी नांदू लागतो. वर क्रोशाचा रुमाल घालायला विसरू नका. राउटर तापून आपोआप बंद-चालू व्हायला लागला, की तुमची तेवढीच मेहनत वाचते.

शोकेस नसेल तर लोखंडी कपाटामागची जागा उत्तम. धातूतून लहरी पार होत नाहीत हे खरं, पण पलीकडच्या खोलीतल्या पोरांचा अभ्यास तरी होईल.

आता मायक्रोवेव्ह. तो साधारण २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो आणि राउटरचा जुना पट्टा २.४चा. दोघं एकाच गल्लीतले. म्हणून कुणाची ऑनलाइन मुलाखत चालू असेल, तेव्हाच कालची आमटी गरम करायला लावा.

याच पट्ट्यात एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. इमारतीत बिऱ्हाडं चोवीस. मोबाइलवर एक फुकटचं ॲप टाकलं तर कुठे गर्दी कमी आहे ते दिसतं, पण तसं करू नका. तुम्ही ४ नंबर लावा. पार्किंगमधल्या पांढऱ्या पट्टीवर गाडी उभी केली की दोन्ही बाजूंच्यांची सोय बघता येते, तसंच हे. एकाच वेळी १ वाल्यालाही अडवता येतं आणि ६ वाल्यालाही.

नेटवर्कच्या नावापुढे ‘फाइव्ह जी’ दिसलं तर ते मोबाइलचंच फाइव्ह जी आहे असं छातीठोकपणे सांगा. ते ५ गिगाहर्ट्झ असतं, वेगवान असतं, पण दोन काँक्रीटच्या भिंती ओलांडताना त्याला धाप लागते, या तपशिलात शिरू नका. मागच्या बाल्कनीत बसून तेच जोडा आणि सरकारला दोष द्या.

एक पथ्य मात्र कडक पाळा. लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडून बघायचा नाही. पाच मिनिटांत कळेल, की नेटच जातंय की नुसतं वाय-फाय, आणि केबलवर ते तासभर सुरळीत चाललं तर? मग भांडायचं कुणाशी? आठ महिने जपलेली तक्रार अशी एका केबलपायी घालवू नये. खोक्यावरच्या दिव्यांकडेही बघू नका. ‘एलओएस’चा दिवा लाल लुकलुकत असेल तर बाहेरून प्रकाशच आत पोचत नाहीये. फायबर म्हणजे काच, ती दुमडली की प्रकाश गळतो, तुटली की संपलंच, आणि राउटर चाळीस वेळा बंद-चालू केल्यानं काच सांधत नाही. हे कळलं तर त्या तारेवर टॉवेल वाळत घालताना उगाच मन खाईल.

त्यापेक्षा फोन लावा. मराठीसाठी दोन दाबा, हिंदीत ऐका. ‘सर, राउटर बंद करून दहा सेकंदांनी चालू करा.’ केलंय म्हणालात तरी पुन्हा करायला लावतील. करा, आणि शेजारच्यांनी पासवर्ड पळवलाय ही शंकाही बोलून टाका. पासवर्ड बदलायचा मात्र नाही. तो तुमचाच मोबाइल नंबर आहे, पाठ राहतो.

तिसऱ्या दिवशी पोरगा येतो. डॉक्टरच्या दारात ताप उतरावा तसं नेट त्या क्षणी झकास चालतं. तो रुमाल बाजूला करतो, खोका कप्प्यातून काढून शोकेसच्या माथ्यावर ठेवतो आणि म्हणतो, ‘काका, हा इथंच राहू द्या.’ मग तक्रार बंद करायला ओटीपी मागतो. द्या बिचाऱ्याला, पाणीही विचारा.

तो जिना उतरला की खोका पुन्हा आत ढकला. रविवारी पाहुणे यायचेत.