‘ती हसली तेव्हा पुढचे लोक उभे होते’: नेरूळच्या ताईंना उत्तर

ताई, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा रागाने. कुटुंबाच्या फोटोंवरच्या लेखात ‘लहान मूल असेल तर मिनी सेशनच घ्या’, म्हणजे वीस मिनिटांचं छोटं फोटोशूट, असं मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं, दीड वर्षाच्या लेकीने त्या वीस मिनिटांत तुमच्या खांद्यावरून तोंडच वर काढलं नाही, आणि हसली तेव्हा पुढचं कुटुंब येऊन उभं होतं. वर ‘तासाला तीन घरं उरकायला तुम्ही लोक हे सांगता’ हा टोला.

टोला अर्धा खरा आहे. एकाच जागी एकामागोमाग कुटुंबं येतात म्हणूनच मिनी सेशनचा दर कमी ठेवता येतो. पण मागे कोणीतरी ताटकळत असतं, हे मी लिहायला हवं होतं.

मुख्य मुद्द्यावर तर मी सपशेल चुकले. मूल वीस मिनिटांत कंटाळतं खरं, पण त्याआधी त्याला रुळायला वेळ लागतो, तो मी हिशेबात धरलाच नव्हता. मागे ठाण्यात उपवन तलावावर एक दोन वर्षांचा पठ्ठ्या पहिली पंधरा मिनिटं नुसता सँडलचा पट्टा चर्र करून उघडत आणि लावत बसला होता. आईबाबा कासावीस. मी कॅमेरा बाजूला ठेवून त्याच्या शेजारी माझ्या बुटाची लेस सोडत-बांधत बसले. थोड्या वेळाने त्याने आपणहून पाय माझ्यापुढे केला! घरच्यांनी मोठा करून लावला तो फोटो नंतरचा, पट्ट्यावर वाकलेला, जीभ बाहेर. मिनी सेशन असतं तर मी लेस बांधत बसले नसते.

तरी ‘सगळ्यांनी पूर्ण सेशनच घ्यावं’ हे मला पटत नाही. दीड तासाचे पैसे भरले म्हणून दीड तास उजेड मिळत नाही. आपल्याकडे सूर्य जवळपास सरळ खाली उतरतो, सोनेरी उजेड जेमतेम अर्धा तास. उपवनला तर पश्चिमेला येऊरचा डोंगर, त्यामुळे सूर्यास्ताच्या बऱ्याच आधी ऊन जातं. बाकीचा वेळ रुसण्या-रुळण्याचा.

आता मी मुलाच्या वयाआधी माणसं मोजते. चौघांचं घर असेल तर सगळे मिळून, भावंडं, नवरा-बायको, आई आणि मुलं, बाबा आणि मुलं, एवढ्यात भागतं. मुलं पाच-सहा वर्षांची असली तर वीस मिनिटांत होतं. आजी-आजोबा आले की यादी दुप्पट. आजोबांच्या खिशातून चष्म्याचं घर, दोन पेनं आणि कसलीशी पावती काढायलाच चार मिनिटं जातात. मग निघताना आजी हळूच म्हणतात, ‘माझा एक एकटीचा काढ गं.’ कशासाठी ते सगळ्यांना कळतं, कोणी बोलत नाही. त्या फोटोला घाई चालत नाही.

तुमच्या लेकीसाठी मात्र पूर्ण सेशनच, आणि तिची झोप झाल्यावर. बजेटमुळे मिनीच घ्यायचं असेल तर त्या दिवसाची शेवटची वेळ मागून घ्या. उजेड थोडा उतरलेला असेल, पण मागे कोणी उभं नसेल.

लेखातलं ते वाक्य आज बदललंय.